कर वाचला, तो पैसा आधी वेगळा काढा

मी परळला एका ऑफिसात अकाउंट्स बघते, राहते भांडुपला. वर्षाचा पगार पावणेबारा लाख. ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली की करपात्र ११ लाख. २०२४-२५ मध्ये नव्या करप्रणालीत त्यावर उपकरासह ६७,६०० रुपये कर भरला. २०२५-२६ मध्ये कलम ८७ए खालची, म्हणजे थेट करातूनच वजा होणारी सूट ६०,००० पर्यंत वाढली, १२ लाखांपर्यंतचं उत्पन्न त्यात बसलं आणि माझा कर शून्यावर आला.

पण हा पैसा गठ्ठ्याने हातात येत नाही. टीडीएस, म्हणजे पगारातूनच आधी कापला जाणारा कर, कापला जात नाही, एवढंच. महिन्याला साधारण ५,६०० जास्त जमा होतात आणि रिक्षा, भाजी, ऑनलाइन खरेदीत विरून जातात. माझे पहिल्या तीन महिन्यांचे असेच गेले, त्याची अजून हळहळ वाटते. म्हणून आधी २०२४-२५ चा फॉर्म १६ (ऑफिसकडून मिळणारं पगार आणि कापलेल्या कराचं प्रमाणपत्र) काढा, एकूण कराला १२ ने भागा. तेवढी रक्कम पगाराच्याच दिवशी दुसऱ्या खात्यात आपोआप वळती होऊ द्या. त्या खात्याचं एटीएम कार्ड मी घेतलेलंच नाही.

सगळ्यात आधी क्रेडिट कार्ड. आमची २८,००० थकबाकी होती, व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२! एवढं व्याज कुठली बँक ठेवीवर देते? जुलै ते डिसेंबर दुसरीकडे एक रुपया वळवला नाही, तेव्हा फिटलं.

त्यानंतर पीपीएफ, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी. नव्या प्रणालीत ८०सी ची, म्हणजे अशा गुंतवणुकीवरची वजावट नाही, तरी व्याज करमुक्तच आहे. ५ तारखेच्या आत भरा, नाहीतर त्या रकमेवरचं त्या महिन्याचं व्याज बुडतं. मुदत ठेवीचं व्याज मात्र उत्पन्नात धरतात, त्यामुळे १२ लाखांच्या काठावर असाल तर आधी बेरीज करा. शेअर विकून झालेल्या भांडवली नफ्यावरच्या विशेष दराच्या कराला ८७ए ची सूट लागू नाही, हेही अनेकांना विवरणपत्र भरताना कळतं. आणि कर शून्य असला तरी विवरणपत्र भरायचंच.

माझे जानेवारीपासूनचे पैसे मात्र सासऱ्यांच्या मेडिक्लेमसाठी राखलेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेला, म्हणून यंदा विम्याची रक्कम वाढवून घेतेय. आप्पा ७१ वर्षांचे आहेत.