प्रौढ साक्षरता वर्गात भांडण मिटवण्याचे कौशल्य कसे शिकवावे

‘रागावू नका, समजुतीने घ्या’ अशा उपदेशाचे धडे प्रौढांच्या वर्गात मी पुष्कळ घेतले, आणि त्यातून कोणी काही शिकल्याचे मला आठवत नाही. संसार, मजुरी आणि शेजार निभावत पन्नाशीला आलेल्या माणसाला शिष्टाचार शिकवणे म्हणजे त्याचा अपमानच आहे. हे कौशल्य वाचन-लेखनाच्या तासातच गुंफावे. त्याचा वेगळा तास ठेवला की त्याचे प्रवचन होते.

प्रथम आठ-दहा ओळींचा काल्पनिक आणि अर्धवट सोडलेला प्रसंग लिहावा. माझा नेहमीचा प्रसंग शिडीचा आहे: एकाने दोन दिवसांसाठी नेलेली शिडी सहा दिवस परत केली नाही आणि मालकाचे रंगकाम अडले. वर्गातले खरे भांडण कधीही घेऊ नये. मी एकदा घेतले, तेव्हा ज्याच्याविषयी तक्रार होती त्याचा भाऊ मागच्याच बाकावर बसलेला निघाला, आणि पुढचा आठवडाभर दोघेही वर्गाकडे फिरकले नाहीत.

प्रसंगातील ‘उसने’, ‘परत’, ‘मुदत’ असे शब्द आधी फळ्यावर घ्यावेत. शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांनी १९६३ मध्ये ब्राझीलमधील अँजिकोस येथे शेतमजुरांना अशाच त्यांच्या रोजच्या जगण्यातल्या शब्दांपासून वाचायला शिकवले होते. मग दोघांनी दोन भूमिका मोठ्याने वाचाव्यात.

खरी अडचण यानंतर येते. उत्तर देण्यापूर्वी समोरच्याचे म्हणणे त्याला पटेल अशा शब्दांत परत सांगायचे, हा नियम बोलायला सोपा आहे. मालक म्हणतो, ‘तुम्ही दोन दिवस म्हणालात, आज सहावा दिवस आहे आणि माझे काम थांबले.’ त्यावर दुसरा म्हणतो, ‘म्हणजे तुमचे म्हणणे, मी शिडी ढापली!’ मालकाने ‘ढापली’ म्हटलेलेच नसते; ऐकणाऱ्याने तक्रारीऐवजी स्वतःवरचा आरोप ऐकलेला असतो. अशा वेळी मी मध्ये पडून वाक्य दुरुस्त करत असे, आणि परिणामी दोघेही एकमेकांशी बोलायचे सोडून माझ्याकडे पाहू लागत. शिक्षकाने येथे गप्प बसावे. ‘हो, हेच म्हणालो’ हा शेरा फक्त मूळ बोलणाऱ्याने द्यावा, आणि तो मिळेपर्यंत दुसऱ्याने उत्तर देऊ नये.

तरीही गाडी अडायची, आणि त्याचे कारण मला फार उशिरा कळले. समोरच्याचे म्हणणे आपल्या तोंडाने उच्चारले म्हणजे ते कबूल केले, असे बहुतेकांना वाटते, आणि जिथे आयुष्यभर कबुलीची किंमत मोजावी लागलेली आहे तिथे ही भीती खोटी म्हणता येत नाही. आता मी सुरुवातीलाच फळ्यावर लिहितो: ‘ऐकले म्हणजे मानले नव्हे.’ आणि तोंडी सांगण्याऐवजी समोरच्याचे वाक्य वहीत लिहून वाचून दाखवायला लावतो. अक्षर शोधत हात सावकाश चालतो, तेवढ्यात जिभेवरचे प्रत्युत्तर निवते. नवसाक्षराचा संथपणा येथे कामी येतो. ज्याला अजून लिहिता येत नाही त्याने सांगावे आणि शिक्षकाने शब्दाला शब्द उतरवून घ्यावे. या वेळी शुद्धलेखन मात्र अजिबात तपासू नये. ऱ्हस्व-दीर्घाची एक खूण केली की माणूस भांडण विसरून लाजेत शिरतो, आणि त्या दिवशी तो पुन्हा तोंड उघडत नाही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ थॉमस गॉर्डन यांनी रुळवलेली ‘मी’ची वाक्ये, म्हणजे समोरच्यावर आरोप न करता आपल्याला काय वाटले ते सांगणारी वाक्ये, त्यानंतर घ्यावीत. मराठीत राग ‘येतो’, त्यामुळे ‘शिडी आली नाही तेव्हा मला राग आला, कारण काम अडले’ हे वाक्य सहज जमते. ‘मला वाटते तुम्ही लबाड आहात’ हे मात्र ‘मी’चे वाक्य नव्हे, ती शिवीच आहे, तिला ‘मला वाटते’ची झूल चढवून कोणी वर्गात आणली, तर ती तिथल्या तिथे खोडायला लावावी.

शेवटी दोघांनी मिळून तीन ओळींचा तोडगा लिहावा: कोण, काय आणि कधीपर्यंत. ‘लवकर परत करीन’ असे लिहिलेला कागद मी सही न घेता परत देतो; तिथे वार लिहून आणला की मगच दोघांनी खाली आपापली नावे लिहायची.