रिम घ्यायच्या आधी व्हर्नियर लावा

फोक्सवॅगन पोलोचं पुढचं चाक उतरवलं की हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या, मधोमध एक गोल उंचवटा दिसतो. त्यावर थोडा गंज, थोडी माती. चिंधीने पुसा आणि व्हर्नियर, म्हणजे व्यास मोजायचं हत्यार, लावा. ५७ मिलिमीटरच्या जरासं पुढे काटा थांबतो. कागदोपत्री तो आकडा ५७.१ आहे, आणि रिमचं मधलं भोक, म्हणजे बोअर, याच उंचवट्यावर बसतं. रिमा विकणारा तुम्हाला रंग दाखवेल, स्पोक दाखवेल, "सर, लुक बघा फक्त" म्हणेल. हा आकडा मात्र त्याला विचारल्याशिवाय आठवत नाही, आणि विचारल्यावर तो आतल्या पोराला हाक मारतो.

मी साताऱ्याच्या एमआयडीसीत लेथवर असतो. गाडी २०१५ची पोलो जीटी टीएसआय, १.२ लिटर, १०५ पीएस, डीएसजी म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. ही कुठली स्पोर्ट्स कार, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. यवतेश्वरचा घाट चढताना माझ्यापुरती ती आहे. २०२२ला पोलो बंद झाली आणि तेव्हापासून जुन्या जीटीचा भाव पोरांनी चढवून ठेवलाय. माझ्या भाच्यानेही गेल्या दिवाळीत कराडवरून एक उचलली. तिसऱ्या दिवशी फोन.

"मामा, सतरा इंची टाकतोय. काळ्या रिमा. नाद खुळा दिसतीय गाडी."

म्हटलं, पैसे दिलेस का? नाही म्हणाला. मग आधी गाडी घेऊन ये. दोन रविवार अंगणात बसून त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितोय. तुमची गाडी वेगळी असेल तर आकडे बदलतील, मोजायची रीत तीच राहील.

पहिलं माप पीसीडीचं, म्हणजे बोल्टांची भोकं ज्या वर्तुळावर आहेत त्याचा व्यास. चार बोल्टांच्या चाकाला समोरासमोरची भोकं मोजून काम भागतं. पाच बोल्टांच्या चाकात भोकासमोर भोक नसतं, तिथे लोक अंदाजाने पट्टी धरतात आणि फसतात. शेजारच्या दोन भोकांचं केंद्र ते केंद्र अंतर घ्या. केंद्र सापडत नाही म्हणून डोकं खाजवू नका, एकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजलं की तेच अंतर येतं. त्याला १.७०१ ने गुणा. पोलोला ५८.८ मिमी येतं, म्हणजे पीसीडी १००. नव्या ऑक्टाव्हियाला ६५.८ येतं, म्हणजे ११२. "ऑक्टाव्हियाची रिम पोलोला बसती, एकाच घरातल्या गाड्या" हे वाक्य मी निदान पाच जणांकडून ऐकलंय. गंमत अशी की दोन्हींचा मधला बोअर ५७.१च आहे, त्यामुळे रिम हबवर मस्त सरकते आणि माणूस खूश होतो. मग बोल्ट लागत नाहीत.

आता बोअर. इथे माझी स्वतःची फजिती सांगतो. २०१८ला मी पुण्यातल्या एका दुकानातून सतरा इंची रिमांचा सेट आणला. बोअर ७३.१. असं मोठं भोक मुद्दाम ठेवतात, म्हणजे एकच रिम बऱ्याच गाड्यांना खपवता येते. दुकानदार म्हणाला, बोल्ट आवळले की सेंटर आपोआप येतं. मी लेथवाला असून गप्प बसलो, कारण रिमा फार देखण्या होत्या. परतीच्या वाटेवर नव्वदला स्टिअरिंग थरथरायला लागलं, एकशे दहाला थांबलं. दोनदा बॅलन्सिंग करून घेतलं, फरक नाही. शेवटी गाडी जॅकवर घेऊन डायल गेज लावला, म्हणजे चाक फिरताना किती हलतं ते दाखवणारा काटा, तर चाक हबच्या केंद्रापासून अर्ध्या मिलिमीटरला थोडं कमी इतकं सरकून बसलेलं. लेथच्या चकात, म्हणजे पकडीत, जॉब वाकडा धरल्यावर काय होतं ते रोज बघणारा माणूस मी!

उपाय स्वस्त आहे. हब रिंग. बाहेरून ७३.१, आतून ५७.१. मी ॲल्युमिनियमच्या चार वळल्या, बाहेरच्या व्यासाला पाच शतांश मिलिमीटर ढिल्या ठेवल्या आणि आतल्या कडेला चॅम्फर मारला, म्हणजे कड तिरकी कापली, कारण हबच्या बुडाशी गोलाई असते आणि तीक्ष्ण कड तिथे अडकून रिम पूर्ण टेकत नाही. तयार रिंगाही मिळतात. प्लास्टिकच्या रोजच्या वापराला चालतात, पण घाट उतरताना हब तापतो, म्हणून माझी पसंती धातूलाच. बसवताना ग्रीसचं नुसतं बोट फिरवा, नाहीतर दोन पावसाळ्यांनी रिंग हबला चिकटते आणि हातोडीशिवाय निघत नाही. थरथर त्याच दिवशी गेली.

बोल्टांकडे तर कुणी बघतच नाही, आणि जीव टांगलेला असतो त्यांच्यावर. पोलोचा मूळ बोल्ट हातात घ्या. एम१४, पिच १.५. डोक्याखालचा भाग बघा, तो गोलसर आहे, गोटीचा तुकडा कापून लावल्यासारखा. बाजारातल्या बहुतेक रिमांची बैठक मात्र शंकूच्या आकाराची असते, साठ अंशांची. गोल बोल्ट शंकूत घातला तर तो आवळला जातो, पानाही कडक लागतो, सगळं बरोबर वाटतं. पण टेकतो कुठे? वर्कशॉपमध्ये आम्ही ब्लू मारतो तसं भाच्यासमोर केलं. बोल्टच्या बैठकीवर निळ्या शाईचा पातळ थर दिला, हाताने आवळला, काढला. रिमच्या भोकात केसाएवढी एकच निळी रेघ उमटली होती. मग शंकूवाला बोल्ट तसाच लावून दाखवला, तर सगळी बैठक निळी. पोरगं काही बोललं नाही, पण मोबाइल खिशात ठेवला. त्या केसाएवढ्या रेघेवर सगळा ताण येतो, ॲल्युमिनियम तिथे दबत जातं आणि काही दिवसांनी बोल्ट ढिला होतो. तेव्हा रिमच्या बैठकीला जुळणारेच बोल्ट घ्या. लांबीही मोजा: बोल्टच्या व्यासाइतके आटे तरी आत गेले पाहिजेत, म्हणजे १४ मिमीला नऊ-साडेनऊ फेरे. हाताने फिरवत मोजा. फार लांब बोल्टही नको, तो मागच्या बाजूला बाहेर येऊन घासतो.

ऑफसेट, म्हणजे रिमच्या मागे ईटी लिहून जो आकडा असतो तो. शब्द जर्मन आहे. रिमची मधली रेषा आणि हबवर टेकणारी सपाटी यांच्यातलं अंतर, मिलिमीटरमध्ये. आकडा कमी झाला की चाक बाहेर येतं. पण रुंदी बदलली की नुसता ईटी बघून चालत नाही. माझ्या मूळ रिमवर ६ जे, म्हणजे सहा इंच रुंदी, आणि ईटी ४० आहे. समजा ७ जे, ईटी ३८ घेतली. एक इंच रुंदी वाढली, दोन्ही बाजूंना साडेबारा मिमी धरा. त्यात ईटीचे दोन मिमी बाहेरच्या बाजूला जमा, आतल्या बाजूला वजा. म्हणजे बाहेर साडेचौदा, आत साडेदहा. आता खाली वाका आणि स्ट्रट, म्हणजे सस्पेन्शनचा उभा दांडा, ते टायर अंतर बोटाने बघा, तेवढी जागा आहे का. ब्रेकच्या कॅलिपरपासून स्पोकपर्यंतही बघा. आणि रिकाम्या गाडीत बघू नका. मागे तीन दणकट माणसं बसवा, स्टिअरिंग पूर्ण वळवा, गतिरोधकावरून न्या. टायर फेंडरच्या बाहेर डोकावला तर रिम परत करा. तो दिसतोही वाईट, आणि मागच्या मोटारसायकलवाल्याच्या तोंडावर चिखल उडतो.

मग माप किती इंची? इथेच खरं भांडण असतं. जीटीचा सुरुवातीचा टायर १८५/६० आर१५. १८५ ही मिमीतली रुंदी, १५ हा रिमचा व्यास इंचात. साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, १८५ चे साठ टक्के, १११ मिमी. पूर्ण व्यास ६०३. पुढे कंपनीनेच जीटीला १९५/५५ आर१६ दिला: साइडवॉल १०७, व्यास ६२१. हा तीन टक्के मोठा आहे, म्हणजे आधी स्पीडोमीटरवर शंभर दिसताना जेवढा वेग असायचा, त्यापेक्षा आता साधारण तीन जास्त असतो. यापुढे जाऊ नये असं माझं मत. २०५/४५ आर१७ चा व्यास ६१६ येतो, कागदावर छान. पण साइडवॉल उरते ९२. पंधरा इंचीच्या तुलनेत अंगठ्याच्या रुंदीएवढं रबर गेलं.

त्या रबराची किंमत मला कासच्या रस्त्याने शिकवली. जुलै महिना, यवतेश्वरच्या वर धुकं, खड्डा पाण्याने काठोकाठ भरलेला. मला तो रस्ताच वाटला. टायरला लिंबाएवढं टेंगूळ आलं आणि रिमची आतली कड वाकली. बाहेरून बघाल तर चाक नव्यासारखं! शिवाय आमच्याकडे गाळपाचा हंगाम सुरू झाला की रात्री उसाच्या ट्रॉल्या बिनदिव्याच्या, समोरच्याचा लाइट डोळ्यांवर, अशा वेळी खड्डा चुकवायला जागा नसते. सतरा इंची मी विकल्या. वाकलेली कोणती तेही सांगून विकल्या.

म्हणून जुना सेट घेताना रिम उलटी करा. आतल्या पिंपावर वेल्डिंगची शीर, नव्या रंगाचा पट्टा, ठोकल्याच्या खुणा दिसल्या तर हात जोडा आणि निघा. जेडब्ल्यूएल, व्हीआयए हे जपानी शिक्के चांगल्या रिमेवर असतात. पण नकली मालावरही उमटवलेले असू शकतात, त्यामुळे नुसत्या शिक्क्यावर जाऊ नका, पक्क्या बिलावर जा. आणि रिम वजनकाट्यावर ठेवा. सोळा इंची असून सतरा इंचीएवढी जड असेल तर गाडी आळशी होते आणि खड्ड्यात सस्पेन्शन जास्त मार खातं. साध्या ओतीव रिमेपेक्षा फ्लो-फॉर्म्ड, म्हणजे ओतून मग रोलरने दाबून ताणलेली, हलकी पडते, फोर्ज्ड म्हणजे दाबून घडवलेली आणखी हलकी, पण तिची किंमत ऐकून भाच्याने चहा खाली ठेवला.

१९५/५५ आर१६ चा आणखी एक फायदा असा की बलेनोच्या आणि आय२०च्या वरच्या मॉडेलांनाही हेच माप येतं. म्हणजे साताऱ्यात कुठल्याही बऱ्या दुकानात टायर फळीवर असतो. १९५/५० आर१६ चा व्यास मूळ मापाला जवळजवळ तंतोतंत जुळतो, ६०१, पण एक टायर फाटला की मागवून वाट बघत बसा.

बजेट आखूड असेल तर रिम जुनीच ठेवा आणि पैसे टायरवर घाला. गाडी रस्त्याला टेकते ती टायरवर, रिमेवर नाही. मापाच्या पुढचे आकडे वाचा. ८४एच म्हणजे एका टायरवर ५०० किलो आणि ताशी २१० किमी. ८७ म्हणजे ५४५ किलो. मूळ आकड्याच्या खाली जायचं नाही, दुकानदाराने कितीही सूट दिली तरी. तारीख बघा: डॉट (DOT) अक्षरांच्या ओळीत शेवटी चार अंक, २३२५ म्हणजे २०२५चा तेविसावा आठवडा. हे अंक बहुतेक एकाच बाजूला असतात, बसवल्यावर आत गेले तर दिसायचे नाहीत, म्हणून बसवायच्या आधीच वाचा. आयएसआयची खूण बघा. असममित नक्षीच्या टायरवर "आउटसाइड" लिहिलेलं असतं. माझ्या एका टायरला ते आतल्या बाजूला बसवून दिलं होतं, मीच चहाला गेलो होतो. आपल्या पावसाला खोल, सरळ खाचांचा टायर घ्या. कायद्याने नक्षी १.६ मिमी उरेपर्यंत चालते, मी ३ मिमीला बदलतो. पसरणी घाटात जूनचा पहिला पाऊस आणि गोटा झालेले टायर, हे गणित मला नको.

कागदांचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ निर्मात्याच्या मूळ बांधणीत मनमानी फेरफार करू देत नाही. कंपनीने त्याच मॉडेलला दिलेलं माप घेतलंत तर डोकेदुखी कमी. विमा कंपनीला रिमांचं लेखी कळवा आणि त्या पॉलिसीत चढवून घ्या.

बसवायच्या दिवशी हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढा. बोल्ट आधी हाताने, मग एकाआड एक करत टॉर्क पान्याने १२० न्यूटन-मीटर. हवेच्या बंदुकीने थेट आवळणाऱ्याचा हात धरा. शंभरेक किलोमीटर चालवून परत एकदा पाना लावा. अलाइनमेंट करून घ्या.

हे सगळं भाच्याने केलं. सोळा इंची, ७ जे, रिंगा, शंकूचे वीस बोल्ट, सगळं. फक्त शेवटची गोष्ट मी सांगत असताना त्याला फोन आला होता. ती अशी, की डिकीतली स्टेपनी लोखंडी आहे आणि जुन्याच व्यासाची. तिला शंकूचे बोल्ट चालत नाहीत, मूळचे गोल बैठकीचेच लागतात. त्यातले पाच गाडीत ठेवायचे. आणि पुढचं चाक पंक्चर झालं तर मागचं पुढे आणून स्टेपनी मागे लावायची, म्हणजे इंजिनाची ताकद घेणारी पुढची दोन चाकं सारख्या व्यासाची राहतात.

आषाढात रात्री दहाला उंब्रजवरून फोन. पुढचं चाक बसलेलं, स्टेपनी रस्त्यावर, हातात पाच चुकीचे बोल्ट. मी माझ्या डिकीतला डबा उचलला आणि निघालो. कंदी पेढ्यांचा रिकामा डबा आहे तो, माझे पाच बोल्ट त्यात असतात. पावसात डबा खडखडत त्याच्या हातात दिला तर म्हणतो,

"मामा, पेढे कशाला आणलेत आता?"