जूनटीन्थ ऑफिसात पाळताना या चुका टाळा

जून उजाडला की अमेरिकेतल्या ऑफिसांमध्ये एक मेल फिरतो: १९ तारखेला सुट्टी, सर्वांना शुभेच्छा. असे मेल पाठवणाऱ्यांत आता मराठी मॅनेजरही बरेच आहेत. हिंजवडीत बसून त्याच कंपन्यांचं काम करणाऱ्यांच्या कॅलेंडरवरही हा दिवस 'यूएस हॉलिडे' म्हणून लागलेला असतो. जूनटीन्थ म्हणजे अमेरिकेतल्या गुलामगिरीच्या अंताची आठवण जागवणारा १९ जूनचा दिवस. २०२१ मध्ये ती राष्ट्रीय सुट्टी झाली तेव्हापासून तो पाळण्याची पद्धत ऑफिसांमध्ये रुळते आहे, आणि काही चुकाही तिच्याबरोबर रुळत चालल्या आहेत.

सुट्टी नेमकी कोणाला मिळाली, हे न पाहणं

माझ्या मते ही सगळ्यात मोठी चूक आहे, म्हणून तिच्यावर जरा थांबते.

१९ जून १८६५ रोजी टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टन बंदरात, यादवी युद्ध जिंकलेल्या उत्तरेच्या सैन्याचे मेजर जनरल गॉर्डन ग्रेंजर यांनी 'जनरल ऑर्डर क्रमांक ३' जारी केली. सर्व गुलाम मुक्त झाले आहेत, असं ती सांगते. पुढे म्हणते, की आधीचे मालक आणि आधीचे गुलाम यांचे व्यक्तिगत आणि मालमत्तेचे हक्क पूर्ण समान आहेत आणि त्यांच्यातलं नातं यापुढे मालक आणि पगारी मजूर असं राहील. लगेच बजावलंही आहे: आहात तिथेच शांतपणे राहा, मजुरीवर काम करा, रिकामं बसणाऱ्याला पोसलं जाणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबवलेल्या माणसांना दिलेली ही ताकीद वाचताना आजही राग येतो. पण त्यातून एक गोष्ट लख्ख दिसते. ज्या कागदाची आठवण म्हणून आपण ही सुट्टी पाळतो, तो कागद काम आणि मजुरीबद्दल बोलतो. म्हणून ऑफिसाने सुरुवात पगारपत्रकापासून करावी.

राष्ट्रीय सुट्टी असली तरी अमेरिकेत खासगी कंपन्यांवर ती बंधनकारक नाही. ज्या देतात, त्यांच्याकडेही ती बहुतेकदा कायम पगारदारांपुरती असते. सफाई करणारे, दारावरचे गार्ड, कॅफेटेरियातले लोक कंत्राटदाराकडून तासावर येतात. इमारत बंद राहिली की त्यांची त्या दिवसाची मजुरी बुडते. गुलामगिरीच्या अंताचा दिवस आणि त्याच दिवशी सर्वांत कमी कमावणाऱ्याच्या खिशाला चाट, हे चालवून घेऊ नका. यावरचा उपाय जूनमध्ये सापडत नाही. पुढच्या वर्षाचं बजेट आणि कंत्राटं ठरतात तेव्हाच 'बंदच्या दिवशीही पूर्ण मजुरी' ही अट घालून घ्या आणि तो खर्च कंपनीने उचलावा. ज्यांना त्या दिवशी यावंच लागतं त्यांना सुट्टीचा वाढीव दर किंवा बदली पगारी रजा द्या. अमेरिका बंद आहे म्हणून पुण्याच्या टीमवर त्या दिवशी जादा काम लावणार असाल, तर त्याची भरपाईही आधीच ठरवा.

गोष्ट चुकीची सांगणं

'बातमी अडीच वर्षं उशिरा पोहोचली' हे वाक्य जवळपास प्रत्येक ऑफिस मेलमध्ये असतं. लिंकन यांचा मुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ चा, हे खरं. पण टेक्सासमधल्या मालकांना तो ठाऊक होता आणि गुलामीत असलेल्या अनेकांच्या कानावरही आला होता. कमी होती ती अंमलबजावणीची. मालकांना हुकूम मानायला लावील असं सैन्य तिथे नव्हतं. टेक्सासमध्ये तेव्हा सुमारे अडीच लाख माणसं गुलामीत होती आणि १९ जूननंतरही काही मालकांनी पीक हाती येईपर्यंत त्यांना सोडलं नाही. केंटकी आणि डेलावेअरमध्ये तर डिसेंबर १८६५ मध्ये तेरावी घटनादुरुस्ती मंजूर होईपर्यंत गुलामगिरी कायदेशीर होती. टपालाच्या दिरंगाईवर बोट ठेवलं की दडपणारे नजरेआड होतात.

जानेवारीतल्या मार्टिन ल्यूथर किंग दिनाचंही असंच होतं. 'माझं एक स्वप्न आहे' या त्यांच्या भाषणातली एक ओळ पोस्टरवर छापली की काम संपलं असं वाटतं. ते भाषण ज्या १९६३ च्या मोर्चात झालं, तो 'नोकऱ्या आणि स्वातंत्र्यासाठी' होता आणि ताशी दोन डॉलर किमान वेतन ही त्याची एक मागणी होती. १ फेब्रुवारी १९६८ रोजी मेम्फिसमध्ये एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन सफाई कामगार कचऱ्याच्या गाडीच्या दाबयंत्रात चिरडून मेले. त्यानंतर सुमारे १,३०० कामगार संपावर गेले. किंग त्यांच्या पाठीशी उभे राहायला मेम्फिसला आले होते आणि तिथेच ४ एप्रिलला त्यांची हत्या झाली. ऑफिसात त्यांच्याबद्दल बोलायचं तर हा भाग वगळू नका.

खाणं आणि खरेदीत घाई

२०२२ मध्ये वॉलमार्टने जूनटीन्थच्या नावाचं आइस्क्रीम विक्रीला आणलं आणि लोक संतापल्यावर माफी मागून मागे घेतलं. त्याच वर्षी इंडियानापोलिसच्या मुलांच्या संग्रहालयाने कॅफेत 'जूनटीन्थ कलिंगड सॅलड' ठेवलं आणि त्यांनाही माफी मागावी लागली. कृष्णवर्णीय कुटुंबांत या दिवशी लाल सरबत, कलिंगड असे लाल पदार्थ आवर्जून असतात. पण कलिंगड हाती देऊन कृष्णवर्णीयांची टिंगल करणारी व्यंगचित्रंही अमेरिकेत दशकानुदशकं छापली गेली. घरातल्यांनी घरात केलेला पदार्थ आणि संस्थेने डब्यात भरून विकलेला पदार्थ सारखा नसतो. जेवण ठेवायचंच असेल, तर शहरातल्या कृष्णवर्णीय मालकाच्या हॉटेलला ऑर्डर द्या, मेन्यू त्यांच्यावर सोपवा आणि बिल वेळेत चुकतं करा.

सगळा भार कृष्णवर्णीय सहकाऱ्यांवर टाकणं

'तूच बोल ना दोन शब्द' ही विनंती करणाऱ्याला साधी वाटते. ऐकणाऱ्याला मात्र आपल्या पणजोबांची वेदना सहकाऱ्यांसमोर मांडावी लागते, तीही नेहमीचं काम सांभाळून आणि बिनपगारी. इतिहासाच्या अभ्यासकाला मानधन देऊन बोलवा. सहकारी स्वतःहून पुढे आले, तर त्यांचे तास कामात धरा आणि वार्षिक मूल्यमापनात त्याची नोंद करा.

'हा आपला विषय नाही' म्हणणं

हे मराठी माणसाच्या तोंडून ऐकलं की मला वाईट वाटतं. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामगिरी संपवण्यासाठी झटणाऱ्या अमेरिकी लोकांना. आणि आज आपण अमेरिकेत आहोत, त्यामागेही कृष्णवर्णीयांचाच लढा आहे. १९६५ च्या आधी अमेरिकेत स्थायिक व्हायला भारतीयांचा कोटा वर्षाला १०० माणसांचा होता. नागरी हक्कांच्या चळवळीने वंशभेदी कायद्यांविरुद्ध वातावरण तापवलं आणि त्याच वर्षी तो कोटा मोडला. मात्र कार्यक्रमात 'आमच्याकडेही असंच' म्हणत पूर्ण वेळ स्वतःच्याच गोष्टीला देऊ नका. त्या दिवशी ऐकायला बसा.

अनेक देशांत ऑफिसं असतील, तर एकच कॅलेंडर सगळीकडे लादू नका. अमेरिकेत कृष्णवर्णीय इतिहासाचा महिना फेब्रुवारी, ब्रिटनमध्ये ऑक्टोबर. ब्राझीलमध्ये २० नोव्हेंबरला, गुलामगिरीविरुद्ध लढलेले कृष्णवर्णीय नेते झुंबी यांच्या स्मृतीची सुट्टी असते.

चूक होऊन गेलीच, तर पोस्ट किंवा पदार्थ आधी हटवा. मग काय चुकलं ते स्पष्ट लिहा. 'कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर' असली शेपटी जोडू नका. माफीचा मसुदा तपासायला कृष्णवर्णीय सहकाऱ्याकडे पाठवू नका, आणि ज्याने तक्रार केली त्याचं नाव मीटिंगमध्ये घेऊ नका.