साइडकारसाठी बुलेट निवडताना: कास्ट आयर्न, यूसीई की जे-सिरीज?

बुलेटला तिसरं चाक लावायचं ठरलं की लोक आधी साइडकार शोधायला लागतात. आधी शोधायचं असतं ते इंजिन. एकट्यानं चालवताना मजा देणारं इंजिन साइडकार ओढताना मजा देईलच असं नाही. रिकामी साइडकार तिच्या सांगाड्यासकट ऐंशी ते शंभर किलोंची, त्यात एक माणूस आणि सामान. म्हणजे दीड-दोनशे किलोंचं ओझं, तेही एकाच अंगाला. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटरवर. चोर्ला घाटानं गोव्यात उतरा, आंबोलीनं सावंतवाडीला जा, नाहीतर खानापूर-लोंढा करत अनमोडानं जा, उतरताना सगळ्याच गाड्या चांगल्या वाटतात. परीक्षा असते ती परत येताना.

आकडे आधी बघू, कारण गॅरेजच्या कट्ट्यावर त्यांच्याबद्दल बरंच काही सांगितलं जातं. जुनं कास्ट आयर्न (लोखंडी सिलिंडरचं) इंजिन ३४६ सीसीचं. बोअर (सिलिंडरचा व्यास) ७० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ९० मिमी, ताकद ५६२५ फेऱ्यांना १८ हॉर्सपॉवर. २००८-०९ पासून आलेल्या यूसीईमध्ये (युनिट कन्स्ट्रक्शन इंजिन) इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात आले, पण बोअर-स्ट्रोक तोच राहिला. ताकद ५२५० फेऱ्यांना १९.८ हॉर्सपॉवर, टॉर्क (इंजिनची ओढ) ४००० फेऱ्यांना २८ न्यूटन-मीटर. २०२० च्या नोव्हेंबरात मीटिऑर मॉडेलबरोबर जे-सिरीज आलं आणि २०२१ मध्ये ते क्लासिक मॉडेलला बसलं. ते ३४९ सीसीचं, बोअर ७२, स्ट्रोक ८५.८, ताकद ६१०० फेऱ्यांना २०.२ हॉर्सपॉवर, टॉर्क ४००० ला २७. इतक्या वर्षांत वाढले ते जेमतेम दोन हॉर्सपॉवर. त्यामुळे ‘नवीन घेतली की चढ आपोआप निघेल’ हा हिशेब सोडून द्या. फरक आहे तो तेलात, थरथरीत, फ्रेममध्ये, आणि रस्त्यात बंद पडल्यावर काय करता येतं त्यात.

कास्ट आयर्न आणि यूसीईच्या मधलं एव्हीएल इंजिन (अ‍ॅल्युमिनियमचं, इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं) वाईट नाही, पण साइडकारसाठी मुद्दाम शोधत फिरावं असंही काही त्यात नाही. हातात चांगली गाडी आली तर घ्या.

ओढण्याच्या बाबतीत खरोखर वेगळं असलेलं एकच इंजिन आहे, यूसीई ५००. ४९९ सीसी, २७.२ हॉर्सपॉवर, ४००० फेऱ्यांना ४१.३ न्यूटन-मीटर. ३५० च्या दीडपट टॉर्क. तीन माणसं आणि सामान घेऊन चोर्ला चढायचा असेल तर एक गिअर वर राहता येतं. २०२० मध्ये ते बंद झालं, म्हणून आता जुनंच घ्यावं लागतं, आणि शहरातल्या गर्दीत ते चांगलंच तापतं. तरी कायम साइडकार जोडून लांब फिरायचं असेल तर आमचा कौल याच्याच बाजूनं.

कास्ट आयर्न बघायला जाताना

मालकाला आधीच सांगा, गाडी गरम करून ठेवू नका. थंड इंजिनवरच खरं कळतं. पहिल्यांदा पाहायचं ते तेल. यात तेलाची टाकी क्रँककेसमध्येच मागच्या भागात असते आणि पंप तिथून तेल फिरवतो. गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहिली की तेल पंपातून झिरपत क्रँकच्या खोलीत उतरतं. डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) कोरडी दिसते, माणूस घाबरून अर्धा लिटर ओततो, आणि गाडी चालू झाल्यावर जास्तीचं तेल ब्रीदरमधून (इंजिनच्या हवा सोडायच्या नळीतून) बाहेर फेकलं जातं. मग ‘इंजिन तेल मारतंय’ म्हणून बोअरचा खर्च काढला जातो. म्हणून गाडी चार-पाच मिनिटं चालवून, बंद करून मगच पातळी बघायची. एकूण तेल सव्वादोन लिटर, २०डब्ल्यू५०. सुरू करताना निघालेला पांढरा-निळा धूर दोन मिनिटांत विरला तर तो या उतरलेल्या तेलाचा. गरम झाल्यावरही तो चालूच राहिला तर रिंगा किंवा व्हॉल्व्हचे गाइड गेलेत.

टॅपेटचा (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागांचा) आवाज ऐकून गाडी नाकारू नका, ते अर्ध्या तासाचं काम आहे. इंजिन पूर्ण थंड हवं. उजवीकडचं टॅपेटचं झाकण काढा, प्लग काढा, पिस्टन वर आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद अशा जागी क्रँक आणा. पुशरॉड दोन बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली अजिबात हलता कामा नये. तीन पाने लागतात: एक धरायला, एक फिरवायला, एक लॉकनट आवळायला. आवळल्यावर पुन्हा फिरवून बघा, कारण नट आवळताना माप हटतंच. फार घट्ट ठेवलं तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, त्याची कड जळते आणि घाटात ताकद जाते.

टॅपेटच्या टकटकीखाली एक जाड ‘ठक-ठक’ असेल, ओझं दिल्यावर वाढत असेल आणि क्लच दाबला तरी जात नसेल, तर ते बिग एंड, म्हणजे क्रँकवरचं कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग. गाडी सोडून द्या, नाहीतर किंमत त्या हिशेबानं पाडा. बेळगावच्या उद्यमबागेत क्रँक आणि बोअरिंगचं काम चांगलं करणारे लोक आहेत. फाउंड्री आणि मशिन शॉपचं गाव असल्याचा हा फायदा. पण क्रँक बाहेर काढायचा म्हणजे इंजिन पूर्ण उघडायचं, आणि मजुरी त्याचीच लागते.

साइडकारसाठी टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) जास्त काटेकोर लागतं. पॉइंटची (ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्कांची) गॅप ०.३५ ते ०.४० मिमी. पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याआधी ०.८ मिमी असताना पॉइंट उघडायला लागले पाहिजेत, अ‍ॅडव्हान्सचं युनिट (फेऱ्या वाढल्या की ठिणगी आधी पाडणारं) पूर्ण मागे असताना. पॉइंटमध्ये सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद धरा. तो सुटतो तो क्षण म्हणजे उघडण्याचा क्षण. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटल उघडल्यावर टणटण आवाज आला तर टायमिंग पुढे गेलंय. साइडकारच्या ओझ्यात हाच आवाज दुर्लक्षिला की पिस्टन धरतो. लोखंडी सिलिंडर उष्णता हळू सोडतो आणि घाटात वेग पंचवीस-तीसचाच असतो, तेवढी हवा त्याला पुरत नाही. उलट टायमिंग मागे असेल तर सायलेन्सरचा बेंड निळा पडतो आणि गाडी दमल्यासारखी चालते.

पावसाळ्यात चोर्ल्याच्या वाटेवर कणकुंबीच्या पुढे पॉइंटच्या डब्यात दमट हवा शिरते आणि गाडी फटफटायला लागते. डबा कोरडा पुसणं आणि झाकणाची सील बदलणं, उपाय एवढाच. एक कापड आणि बारीक पॉलिश पेपर टूलबॉक्समध्ये असावाच. सध्याचं इथेनॉल मिसळलेलं पेट्रोलही जुन्या गाड्यांना मानवत नाही. पेट्रोलच्या कॉकचे रबर फुगतात, गाडी बरेच दिवस उभी राहिली तर टाकीत ओल धरते. रबरी भाग नवीन घाला, मिक्श्चरमध्ये पेट्रोलचं प्रमाण किंचित जास्त ठेवा.

यूसीई

इथे टॅपेट हायड्रॉलिक आहेत, सेट करायला काही नाही. सकाळी सुरू केल्यावर काही सेकंद टिकटिक होणं ठीक. गरम झाल्यावरही चालूच असेल तर तेल जुनं किंवा चुकीचं. तेल १५डब्ल्यू५०, आणि डब्यावर जासो एमए लिहिलेलं हवं. हे यासाठी की क्लच त्याच तेलात बुडालेला आहे. कारसाठीचं स्वस्त तेल घातलं की एकट्यानं काही कळत नाही, पण साइडकार जोडल्यावर चढावर इंजिन ओरडतं आणि गाडी तिथंच राहते.

सेल्फ मारताना ‘कर्रर्र’ करून मोटर नुसती फिरत असेल तर स्प्रॅग क्लच (सेल्फची मोटर इंजिनला जोडणारा भाग) गेलाय. कमजोर बॅटरीवर सारखा सेल्फ मारून तो जातो. भाव करताना हा खर्च धरा. बीएस-६ येण्याआधीची ३५० कार्बोरेटरची आहे, क्लासिक ५०० पहिल्यापासून इंजेक्शनची, बुलेट ५०० मात्र आधी कार्बोरेटरचीही होती. खानापूर-जांबोटी भागात कार्बोरेटर उघडून देणारा मिस्त्री सापडेल, इंजेक्शनचा पंप गेला तर गाडी टेम्पोतून बेळगावला. म्हणून इंजेक्शनची ५०० घेतली तर चावी लावल्यावर पंपाचा दोन-तीन सेकंदांचा गुंजण्याचा आवाज येतो का, हे आधी ऐका.

जे-सिरीज

इंजिन म्हणून हेच सगळ्यात गुळगुळीत. बॅलन्सर शाफ्टमुळे थरथर जवळजवळ गेली, आणि साइडकारला याचा मोठा फायदा आहे: माउंटचे बोल्ट सैल होणं, वेल्ड तडकणं कमी. फ्रेमला दोन डाउनट्यूब आहेत. जुन्या बुलेटच्या फ्रेमला एकच डाउनट्यूब, खालच्या बाजूला इंजिनच फ्रेमचं काम करतं. साइडकारचा पुढचा खालचा माउंट थेट इंजिनच्या प्लेटला लावला की ओढ इंजिनच्या बोल्टवर येते, भोकं अंडाकृती होतात आणि अलाइनमेंट दर महिन्याला हलते. जुन्या गाडीला म्हणूनच खालून सबफ्रेम करून घ्यावी लागते. नव्याला काम सोपं, पण बाहेर वेल्डिंग करून घेतलं की वॉरंटीचा विषय संपला असं समजा.

दोन गोष्टी विसरू नका. याला किक नाही, त्यामुळे बॅटरी धडधाकट हवी. आणि साइडस्टँडला कट-ऑफ स्विच आहे. साइडकार डावीकडे येते म्हणून स्टँड काढतात, स्विच लोंबकळत राहतो आणि गिअर टाकला की इंजिन बंद. फिटर अर्धा दिवस इंजेक्शनमध्ये दोष शोधत बसतो. स्विच ‘स्टँड वर’ या स्थितीत पक्का बसवून घ्या.

कोणतंही इंजिन असो, गिअरिंग खाली आणा

कास्ट आयर्न ३५० ला गिअरबॉक्सचा स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) १६ दातांचा. एक दात कमी केला तर ६० च्या वेगाला इंजिन जितके फेरे घ्यायचं, तितके आता ५६ लाच घेतं. वरचा वेग थोडा जातो, तो तसाही साइडकारला नको असतो. बदल्यात क्लच वाचतो. नव्या इंजिनांनाही हाच नियम. अ‍ॅव्हरेज पाव ते एक तृतीयांशानं खाली येईल, ते धरूनच चला.

बसवणी

इंजिन चांगलं आणि बसवणी वाईट असेल तर सगळं वाया. साइडकारचं चाक मागच्या चाकाच्या अ‍ॅक्सलपेक्षा पुढे हवं. १३७० मिमीच्या व्हीलबेसला २०० ते २५० मिमी. कमी ठेवलं तर उजव्या वळणावर गाडी साइडकारच्या नाकावर लवकर कलते, जास्त ठेवलं तर टायर घासतात आणि वळणं जड जातात. दोन सरळ अ‍ॅल्युमिनियमचे पाइप घ्या, एक बुलेटच्या दोन्ही चाकांना टेकवा, दुसरा साइडकारच्या चाकाला. पुढच्या चाकाच्या समोर दोन पाइपांमधलं अंतर मागच्यापेक्षा १५ ते २५ मिमी कमी असावं. त्यानंतर चालवणाऱ्याला बसवून बुलेट साइडकारपासून बाहेर एक ते दोन अंश कललेली ठेवा. ओळंबा लावला तर ६५ सेंमी उंचीवर साधारण ११ मिमी म्हणजे एक अंश. आपले रस्ते डावीकडे उतरते, त्यामुळे गाडी डावीकडे ओढत राहिली तर कल थोडा वाढवा. टायरच्या कडेला करवतीसारखे दाते पडत असतील तर पुढचं अंतर जास्त कमी झालंय.

माउंट बसवताना डावीकडचं पेडल मोकळं राहतं का बघा. जुन्या उजव्या गिअरच्या गाडीत ते ब्रेकचं, नव्यात गिअरचं.

पहिले दोन दिवस मोकळ्या मैदानात घाला. साइडकार डावीकडे असल्यानं थ्रॉटल उघडला की गाडी डावीकडे खेचते, ब्रेक मारला की उजवीकडे, म्हणजे समोरच्या वाहनांकडे. साइडकारच्या चाकालाही ब्रेक असावा तो याचसाठी. रिकामी असेल तर चाकाजवळ ३० ते ४० किलो वाळूची पोती ठेवा. मग वंटमुरी घाट दोनदा, आणि ते जमलं की चोर्ला.

कागद

मोटर वाहन कायद्यात सुटी जोडलेली साइडकार धरूनच ‘मोटारसायकल’ची व्याख्या आहे, म्हणून ती तीनचाकी ठरत नाही. पण गाडीत बदल केल्याची नोंद आरसीवर हवी. आधी आरटीओची परवानगी, मग वेल्डिंग. कोल्हापूर किंवा सिंधुदुर्गची एमएच गाडी स्वस्त मिळाली तर तिथल्या आरटीओची एनओसी (फॉर्म २८) घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. इकडे कायम ठेवायची असेल तर बारा महिन्यांच्या आत केए नंबर घ्यावा लागतो, त्याला फॉर्म २७ आणि कर्नाटकचा कर. पंधरा वर्षांपुढच्या कास्ट आयर्नची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्यानं करावी लागते, म्हणून आरसीवरची तारीख इंजिनच्या आधी वाचा.

पहिल्या ५०० किलोमीटरला सगळे माउंट आवळा आणि मागच्या चाकाचे स्पोक पान्यानं वाजवून बघा. दोनचाकीच्या चाकाला आडवा भार सोसायची सवय नसते. एखादा स्पोक ‘टण्ण’ऐवजी बोथट वाजला तर तेवढाच आवळून सोडू नका, चाक ट्रूइंगला (सरळ करून घ्यायला) द्या.