सोलर बॅटरीवर वायफाय: इन्व्हर्टर मध्ये आणू नका

फायबरचा डबा (ओएनटी) आणि राउटर दोन्ही मिळून साधारण १५ वॅट खातात. २४ तासांचे ३६० वॅट-तास. तेवढ्यासाठी इन्व्हर्टर अखंड चालू ठेवला, तर तो नुसता जागा राहण्यातच १०-१५ वॅट गिळतो. बॅटरी जवळपास दुप्पट वेगाने रिकामी होते. म्हणून दोन्ही डबे इन्व्हर्टरशिवाय, बॅटरीवरूनच चालवा.

आधी दोन्ही अॅडॉप्टरवरचं लेबल वाचा. बहुतेकांवर १२ व्होल्ट असतं, काही राउटर मात्र ९ व्होल्टचे निघतात. १२ व्होल्टची बॅटरी आहे म्हणून वायर थेट जोडू नका. लेड-अॅसिड बॅटरी चार्ज होताना १४.४ व्होल्टच्या वर जाते, रात्री ११.५ पर्यंत उतरते. म्हणून मध्ये १२ व्होल्ट स्थिर देणारा, ३ अॅम्पिअरचा बक-बूस्ट कन्व्हर्टर (व्होल्टेज गरजेप्रमाणे कमी किंवा जास्त करणारा) हवाच. राउटर ९ व्होल्टचा असेल, तर त्याला ९ व्होल्ट देणारा वेगळा कन्व्हर्टर लावा. १२ व्होल्टसाठी नुसता बक (फक्त व्होल्टेज कमी करणारा) घेतलात, तर पहाटे राउटर सारखा रीस्टार्ट होऊ शकतो.

कन्व्हर्टर चार्ज कंट्रोलरच्या (पॅनेलमधून बॅटरी चार्ज करणाऱ्या डब्याच्या) लोड टर्मिनलवर, म्हणजे उपकरणं जोडायच्या जागी जोडा, म्हणजे बॅटरी फार उतरण्याआधी पुरवठा आपोआप तुटतो. कन्व्हर्टरकडे जाणाऱ्या प्लस वायरीत, लोड टर्मिनलजवळच ५ अॅम्पिअरचा फ्यूज घाला. दहा मीटरपर्यंत १.५ चौरस मिलिमीटरची वायर पुरते. बारीक वायरीत जवळजवळ एक व्होल्ट वाटेतच जातो. पिन बहुधा ५.५ × २.१ मिलिमीटरची असते. आतला भाग प्लस आहे ना, हे मल्टिमीटरने बघूनच लावा.

बॅटरी २४ व्होल्टची असेल, तर जोडीतल्या एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट कधीच काढू नका. ती कायम अर्धपोटी राहते, दुसरी जास्त चार्ज होते, आणि दोन्ही लवकर मरतात.