आधी गटारातला पाऊस बाहेर काढा

चिपळूणला वाशिष्ठी, महाडला सावित्री, खेडला जगबुडी, राजापूरला अर्जुना आणि कोदवली. अशा गावांत पावसाळ्यात चेंबरमधून मैलापाणी वर आलं की पहिली मागणी होते ती मोठ्या पाइपची. हा इलाज बहुतेक वेळा महागात पडतो आणि लागूही पडत नाही. हिशेब करून बघा. 5 माणसांचं घर, माणशी 135 लिटर पाणी, त्यातलं 80 टक्के गटारात; म्हणजे दिवसाला 540 लिटर. सकाळच्या गर्दीसाठी तिप्पट धरलं तरी सेकंदाला 0.02 लिटरच्या आतच. आता त्याच घराच्या 100 चौरस मीटर छपराची पन्हळ कुणी गुपचूप चेंबरला जोडली आणि तासाला 50 मिलिमीटरचा पाऊस कोसळला, तर त्या एका पन्हळीतून सेकंदाला जवळजवळ 1.4 लिटर येतात. म्हणजे 70 घरांचं मैलापाणी! 200 मिमी व्यासाचा पाइप 250 ला 1 या उतारावर तुडुंब वाहिला तरी सेकंदाला साधारण 20 लिटर नेतो. अशा 15 छपरांत तो भरला.

म्हणून आराखड्याआधी मोजणी. गावाच्या प्रत्येक भागाच्या शेवटच्या चेंबरमध्ये 90 अंशांच्या व्ही-खाचेची पत्र्याची आडकाठी बसवा आणि खाचेच्या तळापासून पाण्याची उंची मोजा, पण आडकाठीच्या थोडं मागे, जिथे पाणी वाकत नाही तिथे. उंची 5 सेंमी आली तर प्रवाह सेकंदाला सुमारे 0.8 लिटर, 10 सेंमी आली तर 4.4 लिटर. मोजायचं रात्री 2 ते 4 मध्ये, गाव झोपलेलं असताना. एप्रिलमधला आकडा हा पाया. ऑगस्टमध्ये उघडीप पडल्यावर रात्री आकडा फुगला तर जमिनीतलं पाणी सांध्यांतून आणि चेंबरच्या भिंतींतून शिरतंय. सर सुरू झाल्यावर 10-15 मिनिटांत उंची उसळली आणि सर थांबताच उतरली, तर दोष पन्हळी आणि झाकणांचा. या दोन रोगांची औषधं वेगळी आहेत. इथे गल्लत झाली की पुढचा सगळा खर्च वाया.

पन्हळी शोधायला धूर सोडा. हे काम एप्रिल-मेमध्ये, माती कोरडी असताना. लागोपाठच्या तीन चेंबरमधला पाइप दोन्ही टोकांना वाळूच्या पोत्यांनी बंद करून मधल्या चेंबरमधून ब्लोअरने धूर ढकलायचा. ज्या पन्हळीतून, अंगणातल्या ज्या जाळीतून तो निघेल तिथे खूण करायची. आदल्या दिवशी घरोघर सांगा आणि नहाणीच्या ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओतायला लावा, नाहीतर धूर घरात. अग्निशमन दलालाही कळवा. सापडलेली जोडणी तोडताना त्या पाण्याला दुसरी वाट द्या: परसातला शोषखड्डा, रस्त्याकडेचं उघडं गटार किंवा जवळचा पऱ्या, म्हणजे ओढा. वाट न देता नुसती नोटीस चिकटवली तर पुढच्या मृगाच्या आधी पन्हळ परत चेंबरला लागलेली असते.

आता चेंबर. कोकणात जुने चेंबर जांभ्याच्या चिऱ्यांचे, आणि जांभा सच्छिद्र; आतून गिलावा असला तरी दोन-चार वर्षांत तो पोपडे धरतो आणि ऑगस्टमध्ये भिंत घाम आल्यासारखी झिरपते. पूररेषेच्या आतले असे चेंबर दुरुस्त करत बसू नका, बदला. त्या जागी आरसीसीचे तयार कडे, सांध्यात रबरी रिंग, पाइप शिरतो तिथे रबरी कॉलर. चेंबरला लागून पहिला पाइप फक्त 60 सेंमीचा ठेवा. चेंबर आणि पाइप कमी-जास्त खचतात. लांब पाइप तिथेच तडकतो, आखूड तुकडा सांध्यात वाकून निभावतो. दोन चेंबरमधलं अंतर 30 मीटरच्या वर नको.

झाकणाचं दुखणं वेगळं. रस्त्यावर पाणी तुंबलं की लोक स्वतःच झाकण उचलतात, पाणी पटकन ओसरावं म्हणून. त्यात माणूस पडतो, आणि सगळा चिखल संपात, म्हणजे पंपघराखालच्या मैलापाण्याच्या विहिरीत, जातो. सखल भागात बोल्टची, रबर गॅस्केट असलेली झाकणं लावा, आत सुरक्षा जाळी बसवा. झाकण घट्ट केलं की हवा कोंडते, म्हणून पुराच्या खुणेच्या वर जाणारा व्हेंट पाइपही हवा.

चर खणतानाची एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. कातळात खणलेल्या चरात खडी घातली की तो चर स्वतःच पाण्याची वाट होतो. डोंगराकडचं पाणी पाइपबाहेरून थेट सखल आळीत. प्रत्येक चेंबरच्या वरच्या अंगाला चराच्या पूर्ण रुंदीत काँक्रीटची आडभिंत घाला. एचडीपीईचा, म्हणजे हलक्या प्लास्टिकचा, पाइप टाकल्यादिवशीच भरणी करा. रात्रीत चरात पाणी भरलं तर पाइप वर तरंगतो आणि उतार बिघडतो.

ज्या घरातलं तळमजल्याचं संडासाचं भांडं वरच्या बाजूच्या लगतच्या चेंबरच्या झाकणापेक्षा खाली आहे, तिथे उलटं येणारं पाणी अडवणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लागणारच. तो फक्त तळमजल्याच्या शाखेवर बसवा. पूर्ण घराच्या मुख्य पाइपवर बसवला तर पुरात व्हॉल्व्ह मिटतो आणि वरच्या मजल्याचं मैलापाणी तळमजल्यावरच्या नहाणीतून बाहेर येतं. व्हॉल्व्ह साफ करता यावा म्हणून त्याला वर उघडणारं झाकण ठेवा. केस आणि चिंध्या अडकून पडदा अर्धवट उघडा राहतो.

पंपघराच्या संपाची उचल, म्हणजे जमिनीतल्या पाण्याचा त्याला वर ढकलणारा जोर, न तपासता नकाशावर सही करू नका. आतून 3 मीटर व्यासाचा, 6 मीटर खोल, 25 सेंमी भिंतीचा आणि 40 सेंमी तळाचा संप घ्या. पाणी जमिनीच्या पातळीला आलं की त्यावर सुमारे 62 टन उचल येते. काँक्रीटचं वजन जेमतेम 48 टन. रिकामा केला की तो वर येणारच. तळाची फरशी भोवताली 50 सेंमी बाहेर काढली तर तिच्यावरच्या मातीचं पाण्यातलं वजन 30 टनांच्या वर मिळतं आणि हिशेब बसतो. पंप सेकंदाला 20 लिटरचा असेल आणि तो तासाला 6 वेळांपेक्षा जास्त सुरू व्हायला नको असेल, तर सुरू आणि बंद पातळ्यांच्या मध्ये 3 घनमीटर जागा ठेवा. एक चालू, एक राखीव. विजेचं पॅनेल आणि डिझेल जनरेटर लाल पूररेषेच्या (सरासरी 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या) वर आणि 22 जुलै 2021 च्या पुराच्या खुणेच्याही वर. दोन्हींत जी उंच ती धरा. संपाच्या तोंडाशी गेट हवं आणि त्याचा दांडा वरच्या मजल्यापर्यंत. नदी गावात शिरली की गेट पाडून पंप बंद करायचे. त्यापुढे पंप चालवणं म्हणजे नदीच उपसणं.

शुद्ध केलेलं पाणी खाडीत सोडणाऱ्या पाइपच्या तोंडाला फ्लॅप गेट, म्हणजे फक्त बाहेर उघडणारी झडप, असते; तिच्यावर कालवं धरतात आणि प्लास्टिक अडकतं. उधाणाच्या भरतीआधी, म्हणजे दर अमावास्या-पौर्णिमेच्या आधल्या ओहोटीला, ते खरवडून घ्या. भरती चढलेली असताना गेट मिटलेलं असतं, म्हणून शुद्ध केलेल्या पाण्यासाठी 4-5 तासांची साठवण टाकी धरा.

कातळावरच्या सड्यावर विखुरलेल्या वाड्यांना पाइप नेण्याचा हट्ट नको. तिथे सेप्टिक टाकी आणि ठरल्या वर्षी मैला उपसणारी गाडी पुरते. पण जमीन पाण्याने भरलेली असताना टाकी पूर्ण उपसू नका. संपाप्रमाणे तीही वर येते.

पूर ओसरल्यावर चेंबरमध्ये माणूस उतरवू नका. गाळ सडताना हायड्रोजन सल्फाइड निघतो, आणि 2013 च्या कायद्याने संरक्षणाशिवाय माणूस उतरवणं गुन्हा आहे. सक्शन आणि जेटिंगची गाडी बोलवा. क्रम खालून वर: आधी संप, मग त्याच्या लगतचा चेंबर, मग पुढचा. जेटचं नोझल चढाकडे जातं आणि गाळ खाली ओढतं; वरून सुरुवात केली तर साफ केलेल्या पाइपच्या खालच्या अंगाला गाळाचं बुच बसतं. पंपाच्या मोटरला मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासणारं यंत्र, लावा. 1 मेगओहमच्या खाली आकडा असेल तर मोटर आधी वाळवायला द्या, मगच बटण दाबा.