मोटरहोम कुठे लावायची? बेळगाव भागात दरवर्षी दिसणाऱ्या या चुका टाळा

टेम्पो ट्रॅव्हलर बांधून घेऊन मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, करणारे आता आपल्याकडेही वाढलेत. दिवाळी झाली की मला एकच प्रश्न येऊ लागतो: "पाण्याच्या अगदी कडेला, मस्त व्ह्यू असलेली जागा सांगा." मी उलट विचारतो, भरलेल्या गाडीचं वजन किती? बहुतेकांना माहीत नसतं. पलंग, बॅटऱ्या, सिलिंडर, माणसं आणि 200 लिटर पाणी (म्हणजे नुसत्या पाण्याचेच 200 किलो) धरून साडेतीन-चार टन सहज होतात. एवढं वजन चार ठिकाणी जमिनीवर टेकणार असतं. म्हणून आधी जमीन बघायची आणि मग नजारा. नजाऱ्यापर्यंत दहा मिनिटं चालत जाता येतं, पण रुतलेली गाडी उचलून आणता येत नाही.

धरणाच्या पोटात गाडी उतरवणे

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून तिच्यावर जास्त बोलतो.

मे महिना होता. आम्ही हिडकलच्या जलाशयाकडे गेलो होतो. घटप्रभेवरचं हे 51 टीएमसीचं धरण उन्हाळ्यात इतकं मागे हटतं की कडेला मैदानंच्या मैदानं उघडी पडतात. वरून बघताना टणक, सपाट, क्रिकेट खेळावं अशी जमीन. समोर पाणी, पलीकडे डोंगर, सूर्य बुडायला आलेला. पोरं आधीच उतरून पळत सुटली होती. मी गाडी थेट पाण्यापासून पन्नास पावलांवर नेली.

शेळ्या घेऊन परतणारे एक आजोबा थांबले आणि म्हणाले, "इल्लि निल्लसब्याड्री, मळी बरतैत्री." इथे थांबवू नका, पाऊस येणार. आभाळात पश्चिमेला एक ढग होता, बस्स. मी मान डोलावली आणि चहा ठेवला.

नऊच्या सुमारास वारा सुटला आणि वळीव आला. जेमतेम पाऊण तास पडला असेल. सकाळी मागची चाकं निम्मी चिखलात गेलेली. मी घाबरून ॲक्सिलरेटर दाबला, चाकं जागेवरच फिरली आणि गाडी ॲक्सलवर बसली. ही त्या दिवसाची दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा मोठी. गावातून एक ट्रॅक्टर आला, तोच घसरायला लागला. मग दुसरा आला, तो वर मुरमावर उभा करून वायररोप लावला, तेव्हा तीन तासांनी गाडी निघाली. पुढचा टो हुक वाकला, खालचा सांडपाण्याचा पाइप तुटला. ट्रॅक्टरवाल्यांनी घेतले ते पैसे योग्यच होते. मला खरं वाईट वाटलं ते त्या आजोबांचं न ऐकल्याचं.

काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि लोण्यासारखी होते. वाळली की आकसून भेगाळते. त्या भेगाच तिची खूण. चिकोडी, गोकाक, सौंदत्ती या पट्ट्यात ती सगळीकडे आहे, आणि धरणातला गाळ तर तिच्याहून वाईट. माझी सवय अशी: उतरलो की मूठभर माती पाण्यात भिजवून बोटांत वळतो. शेवयीसारखी लांब वळी झाली की गाडी तिथे लावत नाही, आभाळ कितीही निरभ्र असो. वळी तुटून मातीचा चुरा झाला तर ठीक. खानापूर-जांबोटीकडचा तांबडा, मुरमाड माळ किंवा जांभ्या दगडाचा सडा मिळाला तर मी निर्धास्त झोपतो. तरीही गाडीचं तोंड कायम परतीच्या वाटेकडे.

धरणाच्या खालच्या बाजूला, नदीच्या पात्रात तर मुळीच नको. वरून पाणी कधी सोडतील ते तुमचा मोबाईल सांगणार नाही.

अंधार पडल्यावर जागा शोधणे

नवशिक्यांची ही घाई मला सगळ्यात जास्त खटकते. दुपारी बेळगावात जेवण, मग खरेदी, मग "अजून पन्नासच किलोमीटर आहेत की" म्हणत संध्याकाळी सहाला निघायचं. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्यानंतर नकाशा ज्याला रस्ता म्हणतो ती कदाचित बैलगाडीची वाट असते, आणि तुमच्या छतावरचं सोलर पॅनल लोंबत्या विजेच्या तारेखालून जाणार असतं.

कोल्हापूरचं एक ओळखीचं कुटुंब असंच रात्री आठनंतर खानापूर तालुक्यात पोचलं. मोकळी, सारवलेली, सपाट जागा दिसली, शेजारी गवताच्या गंज्या. त्यांना वाटलं, आणखी काय हवं? ते होतं एका शेतकऱ्याचं खळं. भाताची मळणी सुरू होती. मध्यरात्री मालक बॅटरी आणि पत्र्याचा डबा घेऊन आला. "दादा, गाडी काढा हो. हत्ती येऊलेत ह्या बाजूला, भाताच्या वासानं." त्या अंधारात, बांधावरून, लेकरं झोपेत असताना त्यांना गाडी मागे घ्यावी लागली. मालक पुढे बॅटरी दाखवत चालला म्हणून ती गटारात गेली नाही.

दांडेलीकडचे हत्ती सुगीच्या दिवसांत खानापूरच्या भातात उतरतात. गवे तर जांबोटी-चोर्ल्याच्या रस्त्यावर नेहमीचे. खळं, गंजी, पिकलेलं भात, केळीची बाग यांच्या जवळ मुक्काम नको.

मी चार वाजता शोध थांबवतो. चारला जिथे असेन तिथली बरी जागा घेतो, पाचच्या आत गाडी समतल करतो आणि जवळच्या घरी जाऊन विचारतो. "काका, आजची रात्र इथे थांबलो तर चालेल का?" एवढंच. सोबत त्यांच्याकडूनच दूध नाहीतर भाकरी विकत घेतो. आजवर कुणी नाही म्हटलं ते दोनदाच, आणि दोन्ही वेळा कारण खरं होतं.

बाकीच्या थोडक्यात

जुलैतला फोटो बघून मार्चमध्ये येऊ नका. 52 मीटरवरून कोसळणारा गोकाकचा धबधबा उन्हाळ्यात धारेएवढा उरतो.

भीमगड 2011 पासून अभयारण्य आहे, सुमारे 190 चौरस किलोमीटर. तिथे परवानगीशिवाय मुक्काम म्हणजे गुन्हा. "कोण बघतंय" असं म्हणणाऱ्यांना मी पुढची जागा सांगत नाही.

पालापाचोळा साचलेल्या दाट सावलीत टेबल मांडू नका. गोचिडीतून पसरणाऱ्या माकडतापाचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका आपल्या फिरण्याचा. 1957 मध्ये शिमोग्याकडे क्यासनूरच्या जंगलात तो पहिल्यांदा ओळखला गेला. आता चोर्ल्याखालच्या, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गातही पोचला आहे. मेलेलं माकड दिसलं तर लगेच निघा आणि जवळच्या आरोग्य केंद्रात कळवा.

मोठ्या वाळक्या फांदीखाली गाडी लावू नका. वळवाआधीचा वारा ती खाली आणतो.

सौंदत्तीजवळच्या नविलतीर्थ धरणाच्या आसपास थांबायचं असेल तर आधी कॅलेंडर बघा. सौंदत्तीच्या यल्लम्माची जत्रा मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेला भरते. तेव्हा रस्ते भक्तांचे असतात, त्यांच्या मध्ये आपला डबा उभा करू नये.

गाडी तिरकी ठेवून झोपायचं नाही. गॅसवर चालणारा फ्रीज तिरक्यात नीट थंड होत नाही आणि सिंकचं पाणी उलटं साचतं. साधी गवंड्याची पाणसळ आणि दोन लाकडी फळ्या पुरतात.

सांडपाणी ओढ्यात सोडू नका. राकसकोप आणि हिडकलचं पाणी बेळगावकर पितात, मीही पितो.

आणि ऊस हंगामात कारखान्याच्या वाटेवर, रस्त्याच्या कडेला मुक्काम करू नका. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर जातात, कित्येकांना मागचा दिवा नसतो आणि चालकाची झोप झालेली नसते. निदान शंभर पावलं आत, पक्क्या जमिनीवर जा, आणि रस्त्याच्या बाजूला रिफ्लेक्टर लावा.